भैरवनाथाची पहिली नजर

आमच्या घरी फोटोंचा एक आल्बम आहे, काळ्या जाड कागदाचा. त्याच्या पहिल्या पानावर फोटो अडकवायचे चार कोपरे चिकटवलेले आहेत आणि मध्ये काहीच नाही. पाहुणे ते पान बघतात, जरा थांबतात आणि सभ्यपणे पुढचं उलटतात. आमची थोरली मात्र त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून सांगते, "ही मी. सहा महिन्यांची." मग सगळे माझ्याकडे बघतात, आणि मला इंदापूरची ती दुपार पुन्हा सांगावी लागते. इतक्यांदा सांगितली आहे की कुठे हसायचं हे घरातल्यांना पाठ झालं आहे. त्या दिवशी मात्र कोणी हसत नव्हतं. मी तर नाहीच.

एकोणीसशे तिसाच्या पुढची ती वर्षं. मी बारामतीला कालव्याच्या कचेरीत कारकून होतो. पाटाच्या पाण्यावर शिवारात ऊस वाढत होता, आणि त्या उसाला किती पाणी पोचलं याची टिपणं करण्यात माझं वय वाढत होतं. आमचे साहेब नोकरी संपवून विलायतेला परत निघाले तेव्हा त्यांनी सामान वाटून टाकलं. माझ्या वाट्याला एक डबा कॅमेरा आणि एक सोला हॅट आली. कॅमेरा मला का दिला हे मला आजही ठाऊक नाही. हॅट का दिली ते ठाऊक आहे; ती मागच्या बाजूने उंदरांनी कुरतडली होती.

कॅमेरा म्हणजे काळा चौकोनी डबा. पुढे भिंग, पाठीमागे लाल काचेची बारीक खिडकी, तीत रिळाचा आकडा दिसायचा, आणि वर बोटभर काच. फोटो काढताना डबा पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून त्या वरच्या काचेत बघायचं. म्हणजे ज्याचा फोटो काढायचा, त्याच्याकडे न बघताच काढायचा. हे जरा लक्षात ठेवा. एका रिळात आठ फोटो. रीळ पुण्याहून आणवायचं, धुवायलाही पुण्याच्याच दुकानात पाठवायचं. त्यामुळे एकेक खटका मी अत्तराच्या थेंबासारखा जपून वापरत असे.

त्या रिळाचा पहिला फोटो आमच्या थोरलीचा. परसात ऊन बघून बायकोला पाट मांडून बसवली, मांडीवर पोर. बायकोने पदर नाकापर्यंत ओढला होता, त्यामुळे फोटोत ओळखू येईल असं माणूस एकच होतं आणि त्याला दात नव्हते. सासूबाई लांब, आजारी. त्यांनी नात अजून पाहिली नव्हती. "हा नीट आला की आधी आईला पाठवायचा," बायकोने बजावलं. "तुमचे दगडधोंडे नंतर."

दगडधोंडे म्हणजे माझा नवा नाद. पुण्याच्या एका मासिकाने जुन्या पेठांचे फोटो मागवले होते, चांगल्याला बक्षीस होतं, आणि बक्षीस मलाच मिळणार याची मला खात्री होती. कचेरीतल्या एकाने सांगितलं, इंदापूरला जा. तिथे गढीच्या उतारावर कारागिरांची जुनी आळी आहे. कुंभार, जिनगर, पाथरवट, सगळे एकाखाली एक. वरच्याने चूळ भरली तर खालच्याच्या छपरावर पडते म्हणे.

फाल्गुनातल्या एका सुटीच्या दिवशी मी सकाळच्या मोटारीने निघालो. लासुर्ण्याला मोटारीने पाणी प्यायलं, ड्रायव्हरने चहा प्यायला, आणि दहा-साडेदहाला मी इंदापुरात उतरलो. अंगात कोट, डोक्यावर हॅट, पोटाशी डबा. परतीची मोटार तीनला होती.

पुढचं सांगण्याआधी त्या आळीची एक रीत सांगून टाकतो. मला ती फार उशिरा कळली. तुम्हाला आधी कळली म्हणजे माझा मूर्खपणा येताना लांबूनच दिसेल.

तिथला पाथरवट देव कोरतो तेव्हा डोळे सगळ्यात शेवटी. बुबुळ कोरलं की देव बघायला लागला. ही जी पहिली नजर, ती कशावरही पडू द्यायची नाही. माणसावर नाही, जनावरावर नाही, वाटेवर नाही. म्हणून डोळे उघडताना देवासमोर आरसा धरतात. देव पहिल्यांदा स्वतःलाच बघतो आणि निवतो. मग तोंडावर पिवळं फडकं बांधायचं, ते थेट देवळातच सोडायचं. एवढा वेळ आळीत कोणी काम करत नाही. चाक थांबतं, दारं लोटली जातात. आणि नजर चुकून भलतीकडे गेलीच, तर गाव तो देव उचलत नाही. एकाने सोडलेला देव दुसरं गाव घेत नाही. तो भीमेच्या डोहात जातो, आणि त्या पाथरवटाने पुन्हा देवाच्या दगडाला हात लावायचा नाही. उरलेल्या आयुष्यात जाती आणि पाटे घडवायचे.

त्या दिवशी आळीच्या माथ्यावर, शेवटच्या छपरात, एक म्हातारा पाथरवट भैरवनाथाचे डोळे उघडणार होता. भिगवणच्या अंगाला भीमाकाठी एक गाव आहे, तिथला देव. देवळाचं शिखर ढासळून जुना देव भंगला होता, आणि वर्षभर गाव देवाविना होतं. म्हाताऱ्याला मोतीबिंदू झालेला. दिसायचं कमी, म्हणून अंगठ्याने चाचपून कोरायचा. गावातले काही जण म्हणत होते की आंधळ्याकडून कसला देव करून घेता. पाटलाने ऐकलं नव्हतं. दिवाळीपासून म्हातारा त्या दगडाला लागला होता. गाड्या दुपारी देव न्यायला येणार होत्या.

यातलं मला काडीचंही ठाऊक नव्हतं. मी खुशीत चढ चढत होतो.

दुसरा फोटो गढीच्या ढासळलेल्या बुरुजाचा घेतला. तिसरा जिनगराच्या ओसरीवरचा. शिमग्याची सोंगं, म्हणजे कागदी मुखवटे, रंगवून वाळत घातली होती, लाल जिभांचे राक्षस ओळीने उन्हात बसलेले. चौथा कुंभाराच्या चाकाचा. कुंभारीण समोरच कोपरापर्यंत मातीत हात घालून उभी होती. तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"काय मोजताय वो साहेब?"

"मोजत नाही बाई, फोटो काढतोय."

"त्यासाटी खाली बघावं लागतं व्हय? मला वाटलं काय पडलं तुमचं."

पाचवा घेताना तिचं गाढव मध्ये आलं. माझ्या मनात होती दगडी पायऱ्यांची ओळ. रिळावर गेलं ते गाढव, पायऱ्यांवर उभं. एक खटका वाया गेला म्हणून मी हळहळलो. कुंभारीण म्हणाली, "आमचं गाढव तरी सरळ बघून चालतंय."

तिच्याकडे पाठ करून मी वर निघालो, आणि थोड्याच वेळात आळी शांत झाली. आधी पाथरवटांच्या टाक्यांचे, छिन्न्यांचे, आवाज येत होते ते थांबले. खाली चाकाची घरघर बंद पडली. एकेक दार आतून लोटलं गेलं. भर दुपारी, माणसांनी भरलेल्या आळीत माणूस दिसेना. फक्त वरून कुठून तरी एकाच टाकीचा बारीक आवाज, टिक्, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टिक्.

दुसरा कोणी असता तर थांबला असता. मला वाटलं, माझी हॅट बघून लोक बुजले. आणि खरं सांगतो, आनंद झाला. बघ्यांची गर्दी नसलेली पेठ फोटोला कुठे मिळते!

मान खाली घालून, वरच्या काचेत बघत, मी त्या आवाजाच्या दिशेने चढत गेलो. काचेत छप्पर आलं. आत अंधार, त्यात काळ्या दगडाची उभी मूर्ती, तिच्या कडेला अंग चोरून बसलेला म्हातारा, एक हात मूर्तीच्या चेहऱ्यावर. समोर एक बाई बाजूच्या भिंतीकडे तोंड वळवून उभी, दोन्ही हातांत देवाकडे धरलेला आरसा. काय चित्र होतं! पण कुडाच्या फटीतून ऊन येऊन त्या आरशाच्या पितळी पाठीवर पडत होतं आणि त्याची तिरीप नेमकी माझ्या काचेत. बायको पदर ओढून बसली होती तेव्हा जसा तिला हुकूम सोडला होता, तसाच मी तिथे सोडला.

"बाई, तो आरसा जरा बाजूला घ्या."

बाईने आरसा बाजूला घेतला. आतून टिक् असा आवाज आला. इकडे माझ्या डब्याने खट् केलं.



"सूनबाई," म्हातारा म्हणाला, "आरसा हाय न्हवं म्होरं?"

सुनेने आरसा पोटाशी धरला.

"म्होरं आरसा हाय का?"

"साहेब म्हनले बाजूला घ्या," ती भिंतीकडे बघतच म्हणाली.

"कोन साहेब?"

तेव्हा मी मान वर केली. भैरवनाथ माझ्याकडे बघत होता. नीट सांगायचं तर माझ्या पोटाकडे बघत होता, जिथे डबा होता.

म्हातारा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने आधी चाचपून पिवळं फडकं उचललं आणि मूर्तीच्या तोंडावर बांधलं. गाठ दोनदा सुटली. मग तो माझ्या दिशेने वळला.

"तुमच्यापाशी काय हाय?"

"फोटोचा डबा आहे, आबा."

"त्याला म्होरं काय हाय?"

"काच."

सुनेने भीत भीत, तुटक तुटक मला रीत सांगितली. तिचं ऐकता ऐकता मी डोक्यावरची हॅट काढून खाली ठेवली. मी घाईघाईने म्हणालो, "पण आबा, काच म्हणजे आरशासारखीच की! देवाने काचेतच बघितलं."

म्हाताऱ्याने विचार केला. खरोखर केला, माझं बोलणं धुडकावून लावलं नाही.

"आरसा घेतल्यालं परत देतो, साहेब," तो म्हणाला. "तुमचा डबा देतो का?"

  डबा परत देत नाही. त्यासाठीच तर तो बाळगायचा.

एवढ्यात टाकी थांबली म्हणून आळीने दारं उघडली, आणि पहिली वर आली ती कुंभारीण. काय झालं ते कळल्यावर तिने मातीचा हात तसाच तोंडावर ठेवला. मागोमाग जिनगर आला, आणखी चार-पाच जण आले. छपरापुढे मी आणि माझा डबा मध्ये, ते भोवताली.

"कुनी बगितलं?" कुंभारीण हळूच म्हणाली. "आरसा हुता म्हनायचं आन गप बसायचं. ह्यो साहेब तिनाच्या मोटारीनं गेला की गेला."

"देवानं बगितलं न्हवं का," म्हातारा म्हणाला.

 मग जिनगर पुढे झाला. "डबा उघडा मंग. हितंच देवाम्होरं उघडा. आत गेलीया ती भाईर यील."

इथे मी गप्प राहायला हवं होतं. पण मला खरी माहिती द्यायची सवय. "उघडता येणार नाही," मी म्हणालो. "उजेड लागला की आतलं सगळं जळून जातं."

सगळे दोन पावलं मागे सरले. कुंभारीणसुद्धा.

"देवाची नजर जळंल म्हनता?"

"जळत नाही तशी, म्हणजे... काळी पडते."

"आत उमाटलंय का पर?" म्हाताऱ्याने विचारलं.

हा प्रश्न मला आजही टोचतो. अंधारं छप्पर, साधा डबा, खटका क्षणभराचा. त्या फोटोत काही येणं कठीण होतं हे मला ठाऊक होतं. पण कठीण म्हणजे अशक्य नव्हे. काहीच आलं नसेल म्हणावं तर खोटी आशा, आलंय म्हणावं तर खोटा घात. "धुतल्याशिवाय सांगता येत नाही," मी म्हणालो.

"कुठं धुत्यात?"

"पुण्याला. एक दुकान आहे."

"म्हंजे," म्हातारा सावकाश म्हणाला, "भैरवनाथाची पयली नजर पुन्यातल्या दुकानदारावर पडनार."

आता घरात इथे सगळे हसतात. त्या दिवशी म्हाताऱ्याने हातातली टाकी खाली ठेवली आणि लांब सरकवली.

वेळ सरता सरेना. म्हाताऱ्याने मला बसायला घोंगडं दिलं. पाणी दिलं.  खाली उताराच्या पायथ्याशी तीनच्या मोटारीचा भोंगा वाजला.

"तुमी जावा, साहेब," म्हातारा म्हणाला. "गाव आलं की मी सांगंन काय झालं त्ये. तुमी हितं असून काय हुनार?"

मी उठलो. हो, उठलो. जीव सुटल्यासारखा उतार उतरायला लागलो. जिनगराची सोंगं मला जीभ दाखवत होती. मोटार दिसायला लागली तेव्हा मागून पावलं वाजली. म्हाताऱ्याची सून धावत आली होती, हातात माझी हॅट.

"टोपी ऱ्हायली तुमची."

मी घेतली. ती तिथेच उभी राहिली.

"मी देवाकडं बगितलंच न्हाय, साहेब. भिताडाकडं तोंड हुतं माजं. आवाज आला, डोळ्याच्या कडंला ही टोपी दिसली. मला वाटलं सरकारी हाय. सरकारी मानसाला न्हाय कसं म्हनायचं?"

मी धैर्याने परत फिरलो असं कोणी समजू नये. ती कुरतडलेली हॅट डोक्यावर घालून मोटारीत बसणं शक्य नव्हतं, आणि हातात धरून बसणं त्याहून शक्य नव्हतं, एवढंच. ड्रायव्हरने आणखी एकदा भोंगा वाजवला आणि धूळ उडवत निघून गेला. मी पुन्हा चढ चढलो.

थोड्याच वेळात हलगी ऐकू आली. दोन गाड्या, बैलांच्या शिंगांना हिंगूळ, गळ्यात घुंगुरमाळा. मागून फेट्यातली दहा-बारा माणसं. पुढे पाटील, पिकल्या मिशांचा, आणि त्याच्या शेजारी गुरव, हातात तांब्याची घागर. हसत, ओरडत वर आले. म्हाताऱ्याला हात जोडून उभा बघितल्यावर हलगी आपोआप थांबली.

म्हाताऱ्याने सांगितलं. फडकं बांधायच्या आत नजर डब्यात गेली, इतकं सांगितलं. "आरसा हालला, पाटील. हात माजा, चूक माजी." सुनेचं नाव त्याने घेतलं नाही. ती दाराआड होती.

 मागून कोणी तरी म्हणालं, "मी म्हनत हुतो, आंधळ्याच्या हातात देऊ नगा."

तेव्हा मी पुढे झालो. "आरसा हलला नाही," मी म्हणालो. "मी हलवायला लावला. मला रीत ठाऊक नव्हती." त्या सबंध दिवसात माझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं सरळ वाक्य.

एक तरणा गडी काठी उगारून आला. "आन हिकडं त्यो डबा!"

मी डबा छातीशी कवटाळला. "फोडू नका! उजेड लागला तर सगळं जाईल!" पोर वाचवताना ओरडावं तसा माझा आवाज निघाला.

"थांब रं," पाटील म्हणाला. काठी खाली आली, पण तरणा हटला नाही. "साहेब, वरीस झालं आमचं गाव बिनदेवाचं हाय. लोक मोकळ्या चौथऱ्याम्होरं नारळ फोडत्यात. आता ह्यो देव न्हेला आन उंद्या गावात काय इपरीत झालं, तर लोक कुनाला धरत्याल? मला." मग तो गुरवाकडे वळला. "तुमी सांगा. न्ह्यायचा का डोहात सोडायचा?"

गुरवाने घागर खाली ठेवली. "ह्ये शास्त्रात न्हाय, पाटील."

"काय न्हाय?"

"डबा न्हाय."

बैलांनी माना हलवल्या, घुंगरं वाजली. म्हाताऱ्याने फडक्यावरून मूर्तीच्या डोळ्यावर अंगठा ठेवला होता, सगळं नीट आहे ना ते बघतात तसा. आणि तसाच, तिकडे तोंड करून, तो बोलला.

"नजर हारपली न्हाय, पाटील. मानसावर पडली असती तर मानसासंगं गेली असती. ही बंद हाय. ह्यो साहेब मगापास्नं एकच सांगतोय, उजेड लागू दिला न्हाय तर हाय तशी ऱ्हाती." मग गुरवाला विचारलं, "देव बसवताना खाली खड्ड्यात काय ठिवता?"

"पंचधातू. नवधान्य. पवळं, मोती."

"त्यातच ठिवा की. देवाची नजर देवाखाली. उजेड लागायचा न्हाय तितं कदी."

गुरवाने डोळे मिटले.  माझी सकाळपासूनची सगळ्यात घातक बडबड म्हाताऱ्याने उचलून अशी जागी बसवली होती, आणि आता ती टिकते का पडते हे बघत आम्ही सगळे उभे.

"पर त्यात देवच हाय का आनि काय हाय?" गुरवाने डोळे उघडून विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. पण मागे कुंभारीण उभी होती. "गढीचा बुरूज आहे," मी म्हणालो. "सोंगं आहेत. चाक आहे. आणि एक गाढव."

"गाढव? भैरवनाथाच्या खाली?"

"का वो?" कुंभारीण कडाडली. "गावच्या समद्या देवळांच्या इटा कुनी वाह्यल्या? तुमी?"

गुरव गाढवावरून पुढे सरकला. "आनि?"

"पहिल्या नंबरला माझी मुलगी आहे. सहा महिन्यांची." हे म्हणताना मला उमगलं की सगळं रीळ जाणार. एक फोटो कापून ठेवायचा तर रीळ उलगडावं लागेल, नाही तर धुवावं लागेल. "तिच्या आजीला पाठवायचा होता. आजीने अजून नात बघितली नाही."

पाटलाने काठीवाल्या गड्याला मागे सारलं.

"मंग तुमीच सांगा, साहेब. दिता का न्हाय? जबरी न्हाय. हिसकावल्यालं देवाखाली ठिवत न्हाईत."

हे वाईट होतं. काठी बरी होती. काठीपुढे माणसाला ठरवावं लागत नाही. मला पुण्याचं बक्षीस आठवलं, आणि लाज वाटेल इतक्या वेळ आठवलं. मग परसातलं ऊन आठवलं, पदर ओढून बसलेली बायको, आणि तिचं बजावणं. समोर म्हातारा माझ्याकडे बघत नव्हता. त्याचा अंगठा देवाच्या डोळ्यांवरच्या फडक्यावरून हलत होता, पुन्हा पुन्हा, एकाच जागी.

"देतो," मी म्हणालो.

पुढचं छपराच्या आत, अंधारात झालं. सगळे पाठ करून उभे राहिले. मी किल्ली फिरवली. लाल खिडकीत सात आला, गेला. आठ आला, गेला. दोन कोरे फोटो तसेच गुंडाळले गेले, आणि सगळं रीळ त्याच्या काळ्या कागदात झाकलं गेलं. डबा उघडून रीळ बाहेर काढलं. त्याच्या कागदाच्या टोकाला डिंक असतो. ते जिभेने ओलं करून चिकटवायचं, ही माझी नेहमीची सवय. जीभ बाहेर काढली मात्र, गुरव वळून बघत होता, तो किंचाळला.

"उष्टं! उष्टं करू नगा!"

मी जीभ आत घेतली. जिनगर पळत जाऊन सोंगं चिकटवायची खळ घेऊन आला, त्या खळीने मी ते टोक चिकटवलं. लाल कपड्यात बांधलेलं रीळ गुरवाने रिकाम्या घागरीत सोडलं आणि वर नारळ ठेवला. पाटलाने पायातल्या वहाणा काढल्या, फडकं बांधलेल्या मूर्तीपुढे डोकं टेकलं, आणि मागे न बघता म्हणाला, "उचला."

चौघांनी देव उचलला. हलगी वाजली. गाड्या उतार उतरेपर्यंत म्हातारा उभा होता. मग आहे तिथेच, दगडाच्या कपच्यांत, मटकन बसला. बऱ्याच वेळाने मला म्हणाला, "च्या घेता न्हवं, साहेब? मोटार तर उंद्याच हाय."

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आईला काय लिहू?"  तिने मग आपल्या मनाने लिहिलं की नातीला भैरवनाथाच्या पायाशी ठेवली आहे. झालं उलटंच, नातीचं काही बरंवाईट झालं या धास्तीने सासूबाई आजारी अंथरुणातून उठून पंधरा दिवसांत स्वतःच आल्या आणि दीड महिना राहिल्या. आल्बम आणला त्या दिवशी बायकोने पहिल्या पानावर चार कोपरे चिकटवले. काय लावणार म्हणून मी विचारलं नाही.

फोटो आला होता का? मला वाटतं, नव्हता. अंधार फार होता. पण हे मी त्या आळीत कधी बोललो नाही, आणि म्हातारा त्यानंतर आणखी तीन गावांचे देव करून गेला, तेव्हा बोलायचं कारणही उरलं नाही.

थोरली पाच वर्षांची झाल्यावर तिला घेऊन त्या गावच्या जत्रेला गेलो. गुरव तोच. गुलालात, गर्दीत त्याने मला ओळखलं नाही, हॅटही नव्हती. गाभाऱ्यात भैरवनाथ उभा होता. फडकं नव्हतं. थोरलीने हळूच विचारलं, "मी कुठं आहे?" मी चौथऱ्याकडे बोट दाखवलं. ती वाकून बघायला लागली. मी मात्र त्या डोळ्यांकडे बघत राहिलो. या खेपेला निवांत, मध्ये काच नसताना.

मागे लोक खोळंबले होते. गुरव माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "देवाम्होरनं जरा बाजूला व्हा की, पावनं."

मी पटकन बाजूला झालो.